मान वर करून

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात कुणाला 'थँक्यू' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. लातूरला त्यांचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी स्वतः येऊन पट्टी सोडली आणि विचारलं, "आजी, दिसतंय का?" यांनी डॉक्टरांचं तोंड नीट निरखून घेतलं आणि म्हणाल्या, "दिसतंय. दाढी वाढलीय तुमची." बस्स, एवढंच. मी लाजेनं अर्धी झाले. बाहेर आल्यावर म्हटलं, "आत्या, निदान एक शब्द तरी बोलायचा." तर म्हणाल्या, "जेवायला बोलीव की त्येंला. मी भाकरी करून घालते. माणसाला जेवू घालावं. उपकार मानायचे ते एकाचेच."

नीलम्मा त्यांचं नाव. माहेर उदगीरच्याही पलीकडचं. तिकडं मराठी बोलता बोलता माणूस कधी कानडीत शिरतो ते त्याचं त्यालाच कळत नाही. आईचा विषय निघाला की त्या अजून 'अव्वा' म्हणतात. लग्न होऊन अहमदपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. आता पंचाहत्तरी उलटली आहे, अंगावर मांस नाही, पण मान अशी की डोक्यावर घागर नसतानाही घागर असल्यासारखी सरळ. गल्लीतल्या बायका त्याला ताठा म्हणतात. मीही म्हणत होते, अगदी परवापरवापर्यंत.

तर या नीलम्माबाई वर्षातून एकदा आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची प्रार्थना करतात. आमच्या चर्चच्या मंडळीबाहेर हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. देवानं वर्षभर जे दिलं त्याबद्दल त्याचे उपकार मानायचे आणि त्याची स्तुती करायची, म्हणून उपकारस्तुती. तशी ती दर रविवारच्या भक्तीत, म्हणजे उपासनेत, थोडीफार असतेच, पण फेब्रुवारीतल्या कापणीच्या सणाला सगळी भक्तीच तिची असते. वेदीपुढं ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, तुरीच्या शेंगा, उसाच्या मोळ्या, अंडी आणि पाय बांधलेली, पाळकसाहेबांच्या (म्हणजे आमच्या पाद्रींच्या) उपदेशापेक्षा जास्त बोलणारी एखादी कोंबडी. ज्यांना शेत नाही (आणि आमच्यात तेच जास्त) ते आपल्या हातच्या कामातलं काहीतरी आणून ठेवतात. आमच्यातला एक गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायचा आपला ओळंबा ठेवतो आणि संध्याकाळी परत नेतो, कारण सोमवारी त्याला तो लागतो. मी मराठीची शिक्षिका, मी खडूचा एक डबा ठेवते. देव तो कशाला वापरत असेल ते देवच जाणे.

बाकी सगळ्या प्रार्थना आम्ही जगासारख्याच करतो, डोकं झुकवून, डोळे मिटून. ही एक मात्र उभं राहून, डोळे उघडे ठेवून, मान वर करून. अशी रीत दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये मी पाहिलेली नाही. मी नांदेडची. वडील रेल्वेच्या विभागीय कार्यालयात होते. तिथल्या आमच्या मोठ्या चर्चमध्ये प्रार्थना म्हटलं की हनुवटी छातीला लागायची. लग्न होऊन इथं आल्यावर पहिल्याच कापणीच्या सणाला मी नव्या नवरीला शोभेल अशी, पदर पुढं ओढून, व्यवस्थित मान खाली घालून उभी राहिले. इतक्यात हनुवटीखाली दोन बोटं आली. खरखरीत, लसणाचा वास असलेली. बोटांनी माझं तोंड हळूच वर उचललं आणि सासूबाई एकच शब्द बोलल्या, "वर." सगळी मंडळी बघत होती. लग्नातसुद्धा माझा चेहरा एवढा नीट कुणी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी ती प्रार्थना छताकडं बघून करते.

गेल्या मे महिन्यात मात्र ते छतच गेलं. दुपारचं वादळ आलं आणि चर्चवरचे पत्रे उडाले. एक मोंढ्यात, धान्यबाजारात, सापडला, बाकीच्यांनी पत्ता ठेवला नाही. आम्ही ताडपत्री बांधून, वर बघितलं की आभाळ आणि खाली बघितलं की चिखल, अशी भक्ती करत होतो. माझा मुलगा प्रेम रेवणसिद्धआप्पांकडं साइट सुपरवायझर आहे. डिप्लोमा घेऊन तो कित्येक दिवस घरी बसला होता, तेव्हा आप्पांनीच त्याला कामावर घेतलं होतं. आप्पा म्हणजे आमच्याकडचे मोठे गुत्तेदार, तुमच्या भाषेत ठेकेदार. प्रेमनं त्यांच्या कानावर ही गोष्ट घातली. आप्पा एक दिवस आले, चर्चमध्ये मधोमध उभं राहून वर आभाळ बघितलं आणि गेले. पुढच्या आठवड्यात निळे पत्रे आले, माणसं आली आणि छप्पर उभं राहिलं. आप्पांनी चहासुद्धा घेतला नाही. लोक म्हणाले, निवडणूक जवळ आली असेल. मला माहीत नाही. आमच्याकडं ती नेहमीच जवळ असते.

माझा नवरा व्यंकट चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. माणूस सोन्यासारखा, पण रिक्षावाल्यालासुद्धा दोनदा थँक्यू म्हणतो. आईचा अनुशेष भरून काढतो असं मी त्याला चिडवते. आप्पांच्या छपराखाली आल्यापासून त्याचं मन नुसतं भरून वाहत होतं. कमिटीनं ठरवलं की कापणीच्या सणाला आप्पांना बोलवायचं, शाल घालायची आणि मोठा फ्लेक्स लावायचा.

सणाच्या दोन दिवस आधी व्यंकटनं तो फ्लेक्स अंगणात पसरला आणि पसरल्याबरोबर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मधोमध हात जोडलेले, गॉगल घातलेले रेवणसिद्धआप्पा. त्यांच्याखाली सोनेरी अक्षरांत: 'आमचे आधारस्तंभ मा. रेवणसिद्धआप्पा यांची भव्य उपकारस्तुती.' खाली शुभेच्छुक म्हणून कमिटीचे चेहरे ओळीनं. आणि एकदम वर, जिथं एरवी पक्षाच्या पुढाऱ्यांचे छोटे गोल फोटो असतात, तिथं एका गोलात आमचा येशू.

व्यंकटनं फ्लेक्सवाल्याला मोबाइलवर नीट लिहून पाठवलं होतं, 'उपकारस्तुतीची भक्ती, प्रमुख उपस्थिती मा. रेवणसिद्धआप्पा.' पण त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? वाढदिवस, निवड, अभिनंदन आणि श्रद्धांजली यांच्या बाहेर त्याचं दुकान कधी गेलेलं नाही. उपकार केले आप्पांनी, तर स्तुती आप्पांचीच असणार. त्याचं व्याकरण चुकलं असं मराठीची शिक्षिका म्हणून मलाही म्हणता येईना.

सासूबाई पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. उठून आल्या, कमरेवर हात ठेवून फ्लेक्स वाचला.

"ह्यो वर गोलात कोण बसलाय?" त्या म्हणाल्या. "वळखीचा दिसतोय. औंदा तिकीट मिळालं न्हाई वाटतं."

"माय, चेष्टा करू नको," व्यंकट रडकुंडीला आला होता. "आता दुसरा छापायला टाइम न्हाई. फ्लेक्स ऱ्हाऊ दे. तू फक्त एक कर. प्रार्थनेत आप्पांचं नाव घे. 'आप्पासाहेबांचे लई उपकार झाले,' एवढंच म्हण. पाळकसाहेब शाल घालतील, तू प्रार्थना करशील, झालं."

"त्या प्रार्थनेत माणसाचे उपकार आजपातूर आले न्हाईत."

"माय, प्रेम त्येंच्याकडं कामाला हाय. पुढच्या महिन्यात नांदेडच्या मोठ्या कामावर घेऊन चाललेत त्याला. आपण तोंडानं दोन शब्द बोललो न्हाई तर काय वाटंल त्येंला?"

प्रेम दारातच बूट काढत होता. "आज्जी, तुला वाटंल तसं कर," तो म्हणाला खरा, पण मी त्याची आई आहे. त्याचा चेहरा मला वाचता येतो.

"कमिटी म्हणलालीय," व्यंकट खाली बघत म्हणाला, "तुला जमत नसंल तर औंदा प्रार्थना मी करावी."

सासूबाई लसणाची पाकळी हातात धरून थांबल्या. ही प्रार्थना त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. तापात होत्या तरी केली, सासरे वारले त्या वर्षीही केली. मला वाटलं, आता स्फोट होणार.

"कर की," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या मानेला सवय हाय."

व्यंकट बाहेर निघून गेला. फ्लेक्स तसाच अंगणात पडून राहिला, आप्पा आभाळाकडं बघून हात जोडत होते.

मला दोघांचाही राग आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी वेदीसाठी ज्वारीच्या कणसांच्या पेंढ्या बांधत बसलो होतो, तेव्हा मी मनातलं बोलून टाकलं. मला तोंड आवरत नाही, हे माझ्या वर्गातली पोरंही सांगतील.

"आत्या, ताठा मला कळतो. पण लेकराच्या पोटाशी खेळ नको. आप्पांनी आपल्याला खरंच मदत केली. त्यांचे उपकार मानले तर देव काय रुसणार आहे?"

त्यांनी पेंढीला गाठ मारली. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"माझी अव्वा, भामाबाई. गावात मालकाच्या वाड्यावर झाडलोट करायची, शेण काढायची. मी तिच्या पदराला धरून जायची. सांजच्याला मालकीण भाकर द्यायची. द्यायची म्हंजी वरनं टाकायची, अव्वा खालनं पदर पसरायची. आन् भाकर पदरात पडली की म्हणायचं, 'उपकार झाले मालक.' कंबरेत वाकून. रोज. एक दिवस अव्वाच्या डोक्यावर शेणाची पाटी व्हती. वाकली असती तर पाटी पडली असती. म्हून उभ्यानंच म्हणली, 'उपकार झाले.' मालक ओट्यावर बसला व्हता. उठला. खाली आला. पाटी हातानं उडवून दिली आन् अव्वाच्या मानेवर असा पंजा ठेवला." सासूबाईंनी आपला हात माझ्या मानेमागं ठेवला. हलका ठेवला होता, तरी मी दचकले. "असा. आन् दाबली. पार पायरीला कपाळ टेकस्तोवर दाबली. म्हणला, 'मान! उपकार मान!'"

मी मराठी शिकवते. 'मान' या शब्दाचे अर्थ फळ्यावर किती वेळा लिहिले असतील. हा अर्थ कधी लिहिला नव्हता.

"पुढं आमच्या वस्तीवर बिदरकडचे पाद्री यायला लागले. अव्वानं बाप्तिस्मा घेतला. पहिल्या उपकारस्तुतीला पाद्री म्हणले, 'देवाचे उपकार माना.' झालं! 'उपकार' ऐकल्याबरोबर अव्वा सवयीनं खाली गेली, पार जमिनीला कपाळ. समदे खाली गेले. दुसरं काय ठाव व्हतं आमाला? पाद्रीसंगं बायकांना बायबल वाचून दाखवणारी एक बायबलबाई यायची. ती आली, अव्वाच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली आन् उचललं. म्हणली, 'भामाबाई, ह्याचे उपकार मान वर करून मानायचे. हा मान दाबत न्हाई, हा मान देतो.' अव्वा मरस्तोवर सांगायची, त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या मानेनं आभाळ बघितलं. ती रीत मी हितं घेऊन आले. हुंडा दुसरा काय नव्हता माझ्यापशी."

रस्त्यावरून एक भोंग्याची जाहिरात ओरडत गेली, ती जाईपर्यंत त्या थांबल्या.

"त्यो मालक कोण, ठाव हाय का तुला? ह्या रेवणसिद्धाचा आज्जा."

माझ्या हातातली पेंढी सुटली. "आप्पांना माहीत आहे हे?"

"त्येला कसं ठाव असंल? दाबणाऱ्याच्या घरात ह्या गोष्टी सांगत न्हाईत."

"मग प्रेमला नोकरी लागली तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत?"

"प्रेमला नोकरी त्याच्या कामानं लागली. कुणाच्या आज्ज्यानं न्हाई." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आन् पोरावर माझा राग न्हाई. पत्रे चांगले टाकलेत, गळत न्हाईत. जेवायला बोलीव, पोटभर घालते. पण माझ्या अव्वाकडून जो शब्द त्या घरानं मान दाबून काढला, त्यो शब्द मी देवाच्या घरात उभी राहून त्या घराला कसा देऊ? सांग तू. तू मराठी शिकवतीस."

मी ज्वारीची कणसं उचलली आणि पुन्हा बांधायला लागले.

रविवारी फ्लेक्स फाटकावर लागलाच. एवढा मोठा फ्लेक्स घडी घालून ठेवायचा धीर कुणाला झाला नाही. आप्पा वेळेच्या आधी आले. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला भस्माचा पुसट पट्टा. फाटकापाशी थांबून त्यांनी स्वतःची उपकारस्तुती दोनदा वाचली आणि प्रेमला हळूच विचारलं, "हे काय असतंय रे? माझं काय करलालाव आज?" प्रेमला हसू आवरेना.

आत कमिटीनं त्यांच्यासाठी वेदीच्या बाजूला खुर्ची मांडली होती, उशी घातलेली, मंडळीकडं तोंड केलेली, स्टेजवर पाहुण्यांची असते तशी. त्यामुळं झालं काय, वेदीकडं बघायचं म्हटलं की आधी आप्पा दिसायचे. गाणी झाली, वचन वाचून झालं, उपदेश झाला. पाळकसाहेबांनी शाल घातली, टाळ्या वाजल्या. आप्पा शाल सावरत संकोचून बसले. कोंबडी मध्येच ओरडली.

"आता उपकारस्तुतीची प्रार्थना," पाळकसाहेब म्हणाले आणि घुटमळले. एकदा व्यंकटकडं बघितलं, एकदा सासूबाईंकडं. व्यंकट उठला. त्याच्या कानशिलांवर घाम होता. त्यानं पलीकडच्या बाकावर बसलेल्या आईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, वर निळ्या पत्र्यांकडं बघत होती.

"माय," तो सगळ्यांना ऐकू येईल असा म्हणाला, "तूच कर. ही तुझी हाय." आणि खाली बसला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या माणसाचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

सासूबाई उठल्या. पुढं गेल्या. आणि मंडळीकडं वळायच्या ऐवजी सरळ आप्पांच्या खुर्चीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आप्पा, उठा. ही प्रार्थना बसून करत न्हाईत. आन् तिकडं बसून तर न्हाईच. हिकडं या, आमच्यात."

कमिटीच्या बाकावर कुणीतरी खोकलं. आप्पा मात्र लगेच उठले, शाल सांभाळत खाली आले आणि पहिल्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी, वेदीकडं तोंड करून उभे राहिले. सगळी मंडळी उठली. माना वर झाल्या. एकट्या आप्पांची खाली गेली. संस्कारी माणूस, कुठल्याही देवाच्या दारी गेला तरी असाच उभा राहणार. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि चांगली खोल मान झुकवली. शर्टाच्या कॉलरवरून त्यांची मान मागून उघडी दिसत होती.

सासूबाईंनी ती मान पाहिली.

मी त्यांच्या मागेच उभी होते. ती पायरी, ती शेणाची पाटी, तो पंजा, सगळं त्या चर्चमध्ये आम्हां दोघींनाच माहीत होतं. ज्याला माहीत असायला हवं होतं तो डोळे मिटून उभा होता. सासूबाईंचा उजवा हात उचलला गेला. तो हात आप्पांच्या मानेकडं निघाला होता. खरं सांगते, त्या क्षणी त्यांनी काहीही केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

हात मानेपाशी गेला, खांद्यावरून पुढं आला आणि दोन बोटं आप्पांच्या हनुवटीखाली लागली.

"वर," सासूबाई म्हणाल्या. "हितं खाली बघत न्हाईत, लेकरा."

आप्पांनी डोळे उघडले. त्यांचं तोंड वर झालं होतं. आपणच टाकलेल्या निळ्या पत्र्यांकडं ते लहान मुलासारखे बघत राहिले. बोटं लगेच निघाली नाहीत. मान नीट वर झालीय याची खात्री झाल्यावरच निघाली.

मग सासूबाईंनी प्रार्थना केली. आवाज खणखणीत होता.

"देवा, आमच्या बापा. वारं आलं, छप्पर गेलं. तुझे उपकार, कुणी खाली सापडलं न्हाई. ज्वारी पिकली, तुझे उपकार. ज्यांची पिकली न्हाई त्येंच्या चुली पेटल्या, तुझे उपकार. माझ्या अव्वाला तू मान दिलीस, तुझे उपकार. आन् देवा, हे वरचे पत्रे. ज्या हातानं टाकले ते हात तूच दिलेस, टाकायची बुद्धी तूच दिलीस. ह्यो रेवणसिद्ध. ह्यो बी तुझाच हाय, आम्ही बी तुझेच हाव. तुझ्यापुढं समद्यांची मान सारखी. तुझे उपकार, देवा, तुझे उपकार."

"तुझे उपकार!" मंडळी म्हणाली. पत्र्यांवर तो आवाज आपटला आणि परत आमच्यावर पडला. व्यंकटच्या शेजारचा ओळंबेवाला गवंडी ढसाढसा रडत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, तरी रडत होता. मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले असं प्रेम नंतर म्हणाला.

प्रार्थनेत माणसाचं नाव पहिल्यांदा आलं होतं. उपकार मात्र ज्याचे त्यालाच गेले होते.

आमेन झाल्यावर आप्पा परत खुर्चीकडं गेले नाहीत. त्यांनी अंगावरची शाल काढली, नीट घडी केली आणि वेदीपुढं जाऊन ओळंब्याच्या शेजारी ठेवली.

सासूबाईंनी त्यांना तिथूनच जेवायला घरी आणलं. आप्पांसाठी वांग्याची भाजी, ठेचा, दाळ आणि तव्यावरची भाकरी. आमच्यासाठी कोंबडी, अर्थात वेदीवरची ती बडबडी नव्हे. आप्पा टेबलाला नको म्हणाले, चुलीजवळ पाटावर बसले. सासूबाई भाकरी थापत होत्या आणि एकेक त्यांच्या ताटात ठेवत होत्या. ठेवत होत्या, वाकून, हातानं. मी नीट बघत होते. आप्पा मन लावून जेवत होते आणि मध्येच प्रेमला म्हणाले, "नांदेडच्या कामाला पहिल्या दिवसापासून तू पायजेस बरं का. आज्जीची परवानगी काढून ठेव."

मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "मावशी, तुमचं माहेर कुठलं?"

सासूबाईंनी गावाचं नाव सांगितलं.

आप्पांचा घास हातातच राहिला. "अहो, ते तर आमचं मूळ गाव! आज्जापर्यंत आम्ही तिथंच. कुणाच्या तुम्ही?"

"भामाबाईच्या." तव्यावरची भाकरी उलटली. "वाड्यावर कामाला व्हती. तुमच्या आज्ज्याला ठाव व्हती."

आप्पांनी तो घास परत ताटात ठेवला. एवढा मोठा गुत्तेदार, वाड्यावर कामाला असणं म्हणजे काय असतं हे त्यांना कुणी सांगावं लागत नसेल. आज चर्चमध्ये हनुवटीला लागलेली बोटंही त्यांना आठवली असतील. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "माझे आज्जा कसे होते, मावशी?"

व्यंकट, प्रेम, दोघं जेवत होते. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र सासूबाईंकडं बघत होते.

सासूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, डॉक्टरांकडं पाहिलं होतं तसं.

"उंच व्हते," त्या म्हणाल्या. "जेवा. भाकर निवलालीय."

आप्पांनी मान खाली घालून ताट पार पुसून खाल्लं. हात धुतले. निघताना दारात चपला घालून थांबले, परत आत आले. सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. आप्पा त्यांच्यापुढं उभे राहिले आणि हात जोडून, कंबरेत वाकून म्हणाले, "लई उपकार झाले, मावशी."

तेच शब्द आणि तसंच वाकणं. कुणी पंजा ठेवला नव्हता, कुणी दाबलं नव्हतं. त्या घरातून भामाबाईच्या लेकीकडं ते शब्द आपल्या पायांनी चालत आले होते. मला वाटलं, आता तरी ही बाई ते घेईल. घ्यावेत, तिचा हक्क आहे.

सासूबाईंनी पिठानं भरलेलं एक बोट वर केलं.

"माझे न्हाईत," त्या म्हणाल्या. "आन् मान वर करा, आप्पा. आत्ताच शिकवलं की."